उंच पेला

शनिवारी वाशीला लेक्चर, दहा ते चार.
वर्गात सदतिसाची मी एकटीच.
माझ्या वयाचं प्रकरण पुस्तकात शेवटून दुसरं,
परीक्षेला ऑप्शनला टाकलं तरी चालतं.

देवस्थळी मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या:
'मूल आनंदी आहे' असं लिहायचं नाही.
ओठांचे कोपरे वर गेले, तळवे आपटले, दोनदा,
असं लिहा.
आनंद तुमचा असतो. तळवे त्याचे.
मी हे वहीच्या मागच्या पानावर उतरवलं,
गॅसवाल्याच्या नंबराखाली.

प्रॅक्टिकलला घणसोलीची बालवाडी मिळाली,
समाजमंदिराच्या वर, जिन्यात चपलांचा ढीग.
मुलांची नावं लिहायची नसतात, म्हणून ती मूल सात.
वय अंदाजे पाच. आई समोरच्या साइटवर सळ्या बांधते.
नाव मला माहीत आहे. झ वरून आहे, एवढंच सांगते.

दोन सारखे पेले, पाणी सारखं.
सारखं आहे ना? सारखं.
मग एकातलं ओतलं तिसऱ्यात, उंच, अरुंद,
लग्नात आलेल्या सेटमधला तेवढाच उरलाय.
आता? सारखं, की एकात जास्त?

मराठी पुस्तकात याला संधारण म्हणतात,
जलसंधारणातलं तेच.
सहा-सात वर्षांपर्यंत मुलं उंचीला फसतात,
मग एक दिवस फसत नाहीत.

मूल सातने दोन्हीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
'टँकरचं का?'
मी चेहरा तटस्थ ठेवला, शिकवल्याप्रमाणे.
तिने उंच पेला दोन्ही हातांनी उचलला,
प्यायली, खाली ठेवला,
वाकून दुसऱ्या पेल्याशी डोळ्याने जुळवला,
पुन्हा एक घोट.
'आता सारखं.'

फॉर्मवर चौकटी तीन: जास्त, कमी, सारखं.
मॅडम म्हणाल्या, शेऱ्यात लिहा, झालं ते.
हुशार म्हणू नका. बिचारी तर अजिबात नको.

तो पेला पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून
मी रिक्षाने घरी आले, अकराव्या मजल्यावर.
या इमारतीच्या खाली आमचं खाजण होतं.
माझ्या जन्माआधी गेलं. मी फक्त ऐकलंय:
कोळंबी कुठे, बांध कुठे फुटायचा,
कुठल्या उधाणाला बाबांची वहाण वाहून गेली.
मग साडेबारा टक्के, मग बिल्डर, मग या चाव्या.
तेव्हा कुणी साहेब त्यांना समजावत होता,
'काका, तेवढंच आहे हो.
आडवं होतं, उभं केलं.'
'कमी जालं,' बाबा म्हणाले होते.
सगळे हसले. मीही.
मी तेव्हा बारावीत होते, मला गणित येत होतं.

पुस्तकाप्रमाणे हा त्यांचा टप्पा
सत्तर वर्षांपूर्वी ओलांडून व्हायला हवा.
वहीत मी तसं लिहूनही टाकलं,
पात्र: पुरुष, एकोणऐंशी, संधारण नाही,
आणि पेन तिथेच अडकलं.
कारण पुस्तकातल्या प्रयोगात
ओतताना मधे कुणी पीत नाही.

रात्री ओट्यावर तिन्ही पेले मांडले.
बाबा दात काढून ठेवून बसले होते.
हे इतकं, हे इतकं, सारखं ना? मान हलवली.
मग ओतलं. थेंब सांडू दिला नाही.
आता सांगा बाबा, सारखं, की एकात जास्त?

बाबांनी उंच पेला बोटाने जरा लांब सरकवला.
'पयलं ह्ये सांग,
कंचा गलास कोनाचा?'

प्रतिसाद: प्रतिप्रश्न.
वेळ: नऊ सेकंद.
ओठांचे कोपरे: होते तिथेच.
निरीक्षकाचे
लिहायला फॉर्मवर जागा नाही.